पेशीनिदानतज्ज्ञ कसा घडतो ?

मानेवर गाठ आलेला रुग्ण गावाहून तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयात येतो. तेथे बारीक सुईने गाठीतील अल्पसा अंश काढून तो काचपट्टीवर पसरविण्यात येतो. काचपट्टी प्रयोगशाळेकडे जाते व काही दिवसांनी दोन-तीन ओळींचा अहवाल हाती पडतो. क्षयरोगाची औषधे सुरू करावयाची की कर्करोगासाठी पुढील तपासण्या करावयाच्या, हे बऱ्याच अंशी त्या ओळींवर ठरते. अहवालाखाली सही करणाऱ्या तज्ज्ञाची नजर कशी तयार होते, हे आरोग्यसेवेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

शास्त्राचा उगम

सुट्या पेशी पाहून रोगाचे निदान करणाऱ्या या शाखेचा न्यूयॉर्क शहराशी निकटचा संबंध आहे. ग्रीसमध्ये 1883 मध्ये जन्मलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी तेथील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गर्भाशयमुखाच्या पेशींचा अनेक वर्षे अभ्यास केला. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1943 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘पॅप’ तपासणी सर्वमान्य होऊ लागली. त्याच शहरातील मेमोरियल रुग्णालयात शल्यचिकित्सक हेज मार्टिन व तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठीतील पेशी काढून निदान करण्याच्या पद्धतीवरील आपला निबंध 1930 मध्ये प्रसिद्ध केला होता. पुढे स्वीडनमधील तज्ज्ञांनी अधिक बारीक सुया वापरून ही पद्धत विकसित केली.

एका वर्षाचा अभ्यास

आज न्यूयॉर्कसारख्या महानगरातील अध्यापन रुग्णालयांत या विषयाची फेलोशिप, म्हणजे विशेष प्रशिक्षण, एक वर्षाचे असते. वैद्यकीय पदवीनंतर विकृतिविज्ञानाचे तीन ते चार वर्षांचे निवासी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या डॉक्टरलाच त्यात प्रवेश मिळतो. अमेरिकेत या उपशाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा 1989 पासून घेतली जाते. आपल्याकडे पदवीनंतर तीन वर्षांच्या एम. डी. अभ्यासक्रमातच पेशीनिदानाचे मूलभूत शिक्षण मिळते. विशेष प्रावीण्य त्यापुढे मिळवावे लागते.

या वर्षात पुस्तकी अभ्यासापेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणाला अधिक वाव असतो. प्रशिक्षणार्थी दिवसभराच्या काचपट्ट्या प्रथम स्वतः पाहतो आणि आपले मत लिहून ठेवतो. त्यानंतर ज्येष्ठ तज्ज्ञासमवेत अनेक नेत्रिका असलेल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या जातात. पेशीचे केंद्रक किती मोठे झाले आहे, त्याची कड नियमित आहे की वेडीवाकडी, रंग किती गडद आला आहे, पेशी एकमेकींना धरून आहेत की विखुरलेल्या, या खुणांची चर्चा होते. पुढे त्याच रुग्णाची शस्त्रक्रिया झाली, तर काढलेल्या ऊतीचा अहवाल पूर्वीच्या मताशी ताडून पाहिला जातो. आपले मत कोठे चुकले हे प्रशिक्षणार्थ्याला अशा रीतीने नेमके कळते.

सुई घालण्याचे कौशल्यही याच काळात हस्तगत होते. शल्यचिकित्सक अथवा क्ष-किरणतज्ज्ञ खोलवरच्या गाठीत सुई घालत असताना शेजारीच काचपट्टी रंगवून नमुना पुरेसा आहे की नाही, हे काही मिनिटांत सांगावे लागते. त्यामुळे रुग्णाची दुसरी खेप वाचते.

मर्यादा ओळखण्याचे शिक्षण

‘एवढ्यावरून निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणता येणे, हा या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. अवटू ग्रंथीच्या काही गाठींत साधी गाठ व कर्करोग यांच्या पेशी सारख्याच दिसतात. गाठीचे वेष्टन अथवा रक्तवाहिन्या भेदल्या गेल्या आहेत काय, यावर तेथे निदान अवलंबून असते आणि ते सुट्या पेशींवरून कळत नाही. तसेच नमुन्यात पुरेशा पेशी नसतील, तर ‘कर्करोग आढळला नाही’ असे लिहिणे ही रुग्णाची दिशाभूल ठरते. 1988 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे तज्ज्ञांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी अहवालाची जी पद्धत ठरविली, तिच्यात नमुना पुरेसा आहे काय याची नोंद करण्यावर भर देण्यात आला.

या दक्षतेमागे कटू अनुभव आहे. 1987 मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने काही प्रयोगशाळांतील निष्काळजीपणा उघडकीस आणला. तंत्रज्ञांवर अतोनात काचपट्ट्यांचा भार टाकला जात होता आणि रोगाच्या खुणा नजरेतून सुटत होत्या. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार तेथे एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत 100 हून अधिक काचपट्ट्या पाहू नयेत, असे बंधन आले. निर्दोष ठरविलेल्या काचपट्ट्यांपैकी किमान दहा टक्के पुन्हा तपासणेही सक्तीचे झाले.

महाराष्ट्रातील अनुभव

तज्ज्ञाची नजर कितीही तयार असली, तरी सर्व गावांपर्यंत ती पोहोचू शकत नाही. या दृष्टीने त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील अभ्यास उद्बोधक आहे. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 मध्ये त्याचा आरंभ केला. गावांचे 52 गट करून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. केवळ पेशीपरीक्षेच्या गटात मात्र तशी लक्षणीय घट आढळली नाही.

यावरून पेशीनिदानाचे महत्त्व कमी झाले असे मानणे योग्य होणार नाही. सरसकट चाळणीसाठी अन्य तपासण्या अधिक सोयीच्या ठरू शकतात, हा त्याचा अर्थ होय. मानेची, स्तनाची, अवटूची गाठ अथवा पोटात किंवा छातीत साचलेले पाणी यांचा उलगडा करण्यासाठी तयार नजरेची गरज कायम आहे. चाळणी व निदान ही दोन कामे भिन्न आहेत, हे आरोग्य योजना राबविणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

गावाचा वाटा

महानगरात तयार झालेला तज्ज्ञदेखील खराब नमुन्यातून योग्य निदान करू शकत नाही. पॅप तपासणीची काचपट्टी वाळण्यापूर्वी तत्काळ अल्कोहोलमध्ये ठेवावी लागते. विलंब झाल्यास पेशींचे रूप बिघडते. काचपट्टीवर रुग्णाचे नाव व क्रमांक असणे, सोबतच्या कागदावर वय, गाठीची जागा व ती किती दिवसांपासून आहे याची नोंद असणे, ही कामे साधी वाटली तरी अहवालाची विश्वसनीयता त्यांवर अवलंबून असते.

‘नमुना अपुरा’ असा अहवाल आल्यावर रुग्ण पुष्कळदा समाधानाने घरी राहतो. काही निघाले नाही, असा त्याचा समज होतो. अशा रुग्णाला पुन्हा तपासणीस पाठविणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहेच. शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शब्दालाही गावात वजन असते. केंद्र शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी होणे अपेक्षित आहे. ती होते की नाही, याची विचारपूस ग्रामसभेतही करता येईल. तज्ज्ञाने वर्षभर कष्टाने कमावलेल्या नजरेचा लाभ गावातील रुग्णाला मिळावा, यासाठी नमुना नीट पोहोचणे आणि अहवालाचा अर्थ रुग्णाला नीट समजणे, या दोन्ही गोष्टींची काळजी गावानेच घ्यावयास हवी.