बागेचा पाइप आणि हौदाचे पाणी : जोडणी कशी करावी?

उन्हाळा तोंडावर आला की छावणीतील बंगलेवाले आणि रोपवाटिकावाले प्लंबरच्या शोधात निघतात. काम लहानच असते. नळाला पाइप जोडून द्यायचा, झाडांना पाणी गेले पाहिजे आणि माशांचा हौदही भरला पाहिजे. आमचे होतकरू तरुण हे काम तासाभरात उरकतात व मजुरी घेऊन मोकळे होतात. पाणी वाहू लागले म्हणजे जोडणी झाली, असे त्यांना वाटते. आम्हालाही एके काळी असेच वाटत असे.

छावणीतल्याच एका घरी आम्ही अशी जोडणी करून दिली होती. घरमालकांना पाणी पडण्याचा आवाज नको होता, म्हणून पाइपाचे तोंड हौदाच्या तळाशी सोडले. दोन दिवसांनी शेजारच्या खालांचा निरोप आला, की पिण्याच्या नळाला शेवाळाचा वास येतो आहे. जाऊन पाहिले तर हौदाचे पाणी वीतभर उतरलेले, आणि गळती कुठेच नाही! पुरवठा बंद होऊन लाइन रिकामी झाली तेव्हा तिने हौदातले पाणी आमच्याच पाइपातून मागे ओढून घेतले होते. ते पुढे कोणाच्या माठात गेले असेल, या विचाराने आम्हाला त्या रात्री झोप आली नाही.

यात जादू काही नाही. छावणीतून पाणचक्कीवर जावे आणि ती उंच भिंत पाहावी. दूरच्या डोंगराकडचे पाणी बंद नळांतून खाली उतरते, पुन्हा भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी या शहरात नहर आणली, तीही पाण्याच्या उंचीचा हिशेब मांडूनच. बंद नळ आणि उंचीतला फरक मिळाला की मोटारीवाचून पाणी चढते. आपला हौद उंचावर आणि लाइन खाली असली, पाइप पाण्याने भरलेला असला, की पाणी काठ चढून उलटे वाहू लागते. जिथे चोवीस तास पुरवठा असतो तिथे ही वेळ क्वचित येते. आपल्याकडे पाणी दिवसांच्या अंतराने येत आले आहे, त्यामुळे लाइन वारंवार रिकामी होते.

उपाय फुकटचा आहे. पाइपाचे तोंड हौदाच्या काठापेक्षा चार बोटे वर बांधावे, पाण्यात कधीही बुडवू नये. मध्ये हवा आली की ओढ तुटते. तरंगता कॉक बसवायचा झाल्यास त्याचे तोंडही भरलेल्या पाण्याच्या वरच राहील असे पाहावे. याशिवाय नळाजवळ आधी बॉल व्हॉल्व्ह व त्यापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा. त्याच्यावरील बाण हौदाच्या दिशेने हवा. उलटा बसवून 'पाणीच येत नाही' म्हणणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. मात्र केवळ या व्हॉल्व्हवर विसंबू नये. वाळूचा एक खडा अडकला तरी तो मिटत नाही. आणि लाइनला थेट मोटार लावून हौद भरण्याचे काम कोणी सांगितले तर सरळ नकार द्यावा. मोटार शेजाऱ्यांचे पाणी तर ओढतेच, शिवाय फुटक्या सांध्यातून गटारही आत घेते.

आता हिशेब. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल हौदात 6,000 लिटर पाणी मावते. 20 लिटरची बादली नळाखाली धरून घड्याळ पाहावे. ती एका मिनिटात भरली तर तासाला 1,200 लिटर, म्हणजे हौदाला पाच तास लागतील. पाणी तासभरच येत असेल तर गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. दोन तोंडांचा जोड लावला म्हणून पाणी दुप्पट होत नाही, ते वाटले जाते. म्हणून प्रत्येक फाट्याला वेगळा कॉक द्यावा व आधी हौद, मग झाडे असा क्रम ठेवावा. लांब अंतराला अर्धा इंची पाइप घेऊ नये. एक इंची पाइपाचे तोंड त्याच्या चौपट असते.

सांध्यांबाबत थोडक्यात. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी. प्लास्टिकच्या आट्यांना पाना जोरात लावू नये, चिरतात. पाइपाचे टोक गरम पाण्यात बुडवले की निपलवर सहज चढते. वर क्लॅम्प आवळावा, तारेवर भागवू नये. काम झाल्यावर बंद करायचा तो नळाकडचा व्हॉल्व्ह, शेवटचा नव्हे. मे महिन्याच्या उन्हात दाबाखाली राहिलेला पाइप फुगून फाटतो. हौदात मासे असतील तर क्लोरीनचे ताजे पाणी एकदम न सोडता एक-दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून घालावे.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची किंमत पाहून गिऱ्हाईक हमखास विचारते, "हा कशाला? पाणी तर येतेच आहे." आम्ही तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहितो, आणि गिऱ्हाइकाला शेजारच्या घराचा नळ दाखवतो.