सुट्टीच्या दिवशी इंजिनामागं

भाच्या, सुट्टी एकाच दिवसाची आणि नाद इंजिनाचा, तर पुण्या-मुंबईकडं पळू नको. नांदेडहून रेल्वेनं लातूरला जा. हो, मला ठाऊक आहे, सरळ सडकेनं अहमदपूरवरून एसटी कितीतरी लवकर पोचते. रेल्वे मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, घाटनांदूर, लातूर रोड असा मोठा वळसा घालते. शहाणी माणसं या वळशाला शिव्या देतात. तू त्या वळशासाठीच जायचं, कारण त्यात इंजिन गाडीपासून सुटतं आणि दुसऱ्या टोकाला येऊन लागतं.

आधी गाडी कोणती ते बघ. डेमू-मेमू असली तर सोडून दे. तिला वेगळं इंजिनच नसतं. उलटं जायचं झालं तर ड्रायव्हर आपली पेटी उचलून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, झालं काम. इंजिनवाली गाडीच धर. सलग गाडीचा हट्ट नको. रात्री परळी येऊन गेली तर तुला काय दिसणार? दिवसाउजेडी ज्या गाड्या मिळतील त्यांचे तुकडे जोडायचे. रेल्वे चौकशीच्या १३९ वर विचारून घे, आणि मधे तासभर तरी मोकळा ठेव. एक गाडी उशिरा आली की पुढची गेलीच समज.

बसायचं कुठं, तर इंजिनामागच्या पहिल्या जनरल डब्यात. तिथून परळीपर्यंत कान उघडे ठेवायचे. पण परळीला परभणीकडून आलेली आणि पुढं लातूर रोडकडं जाणारी गाडी ज्या तोंडानं आत येते त्याच तोंडानं बाहेर पडते. म्हणजे तुझा पहिला डबा तिथून शेवटचा होतो. फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाचा जनरल गाठ. गाडी लातूरचीच असेल तर लातूर रोडला इंजिन पुन्हा फिरतं आणि नांदेडला पुढं असलेला डबा पुन्हा पुढं येतो. लातूर रोडला सगळ्यांचं फिरत नाही, हेही ध्यानात ठेव. बिदरकडून लातूरला जाणारी सरळ निघून जाते. परळीकडून येऊन लातूरला वळणाऱ्या गाडीलाच तोंड बदलावं लागतं.

परळीला चहाच्या मागं लागू नको. चहा कुठंही मिळतो. आधी पॉइंट्समन दोन डब्यांच्या मधे कसा उतरतो ते बघ. तो हवेच्या नळ्यांच्या तोट्या बंद करतो, नळ्या सोडतो, फुस्स करून हवा निघते, मग कपलिंग सुटतं आणि इंजिन सुटं होऊन शेजारच्या रुळावरून निघतं. एवढ्यात गार्डही आपलं सामान घेऊन उलट्या टोकाला निघालेला असतो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं, तोंडात गार्डच येतं. शेवटच्या डब्याची एलव्हीची, म्हणजे लास्ट व्हेइकलची, पाटीही टोक बदलते. इंजिन लागल्यावर लगेच सुटत नाही. हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचली का, ब्रेक धरतात का, हे बघितल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. हे सगळं फलाटावरूनच बघायचं, बरं का. रुळात उतरलास तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पायरीवर लोंबकळणं हा वेगळा गुन्हा, कलम १५६. फोटो दारातून वाकून नको, गाडी उभी असताना फलाटावरून काढ.

इंजिनाच्या अंगावरची अक्षरं वाचायला शीक. पहिला डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ. मग डी असेल तर डिझेल, ए असेल तर तारेवरचं. त्यानंतर पी प्रवाशांचं, जी मालाचं, एम दोन्हींचं. डब्ल्यूडीपी-४डी म्हणजे साडेचार हजार अश्वशक्तीचं, दोन्ही टोकांना केबिन असलेलं. जुन्या अल्को जातीच्या डिझेलला केबिन एकाच टोकाला, त्यामुळं उलटं लागलं की ड्रायव्हरला लांबलचक बॉनेटवरून पुढचा रूळ बघावा लागतो. परळीला असं उलटं लागताना दिसलं तर नशीब समज. आता या मार्गावर तारा आल्यात, डिझेल कमी झालं. डिझेल गेलं म्हणून तोंड पाडू नको. विजेचं डब्ल्यूएपी-७ सुटताना जो चढता सूर काढतं, त्यातही गंमत आहे. डिझेल मिळालंच तर परळी सोडल्यावर घाटनांदूरकडं बालाघाट चढताना खिडकीशी बस. आठव्या नॉचचा, म्हणजे पुऱ्या ताकदीचा, जोर तिथं कानाला कळतो. धूर येईल, डोळ्यांवर चष्मा ठेव. त्याआधी गंगाखेडजवळ गोदावरीचा पूल येतो. तिथं मोबाइल खिशात घाल आणि नुसता आवाज ऐक.

परळीत कोळशाच्या मालगाड्या उभ्या दिसल्या तर त्यांनाही नावं ठेवू नको. परळीच्या थर्मल वीजकेंद्राचा कोळसा त्यांच्यावरच येतो.

आमच्या वेळी नांदेडवरून जाणारी मनमाड ते काचीगुडा ही लाइन मीटरगेज होती, अजिंठा एक्स्प्रेस तिच्यावरून धावायची, आणि पूर्णा म्हणजे इंजिनांचं गाव. वाफेच्या इंजिनामागं बसलं की डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला. लातूरची गोष्ट अजून निराळी. तिथं बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या साहेबानं १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणला, १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचला. २००७-०८ मध्ये तो रुंद झाला. तो रुंद झाला नसता तर २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची गाडी थेट लातुरात आली नसती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लातुरात कुणाशी गाडीच्या गप्पा मारायच्या तर तिथूनच सुरू कर, समोरचा तासभर बोलेल.

उन्हाळा असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या घे, दोन्ही भरलेल्या. जेवण लातुरात निलंगा राइसचं कर, डबा बांधून नेऊ नको. आणि परतीचं तिकीट लातुरातूनच काढ. लातूर रोड हे नाव ऐकून फसू नको. ते चाकूरजवळचं स्टेशन आहे, लातूर तिथून तीस किलोमीटरच्या पुढं. तिथं गाडी चुकली तर फलाटावर बसून राहू नको. चाकूरला ये, नांदेडची एसटी धर, आणि कंडक्टरला नांदेडचंच तिकीट माग; अहमदपूरला गाडी बदलायची भानगड नको.