ऐकणारा वादक

‘डीजे’ हा शब्द कानी पडताच तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मिरवणुकीतील ट्रकवर रचलेली कर्ण्यांची उंच भिंत आणि छातीत धडकी भरविणारा आवाज! परंतु मुलांनो, डीजे हे त्या भिंतीचे नाव नव्हे. तबकड्या निवडून त्या श्रोत्यांना ऐकविणाऱ्या माणसाचे ते नाव होय. असे एक नामवंत डीजे फ्रान्स देशात आहेत. त्यांचे नाव लोराँ गार्निए.

लोराँचा जन्म १९६६ साली पॅरिसला लागून असलेल्या एका गावी झाला. गाण्यांच्या तबकड्यांचे त्याला लहानपणापासूनच विलक्षण वेड. आपल्या निजण्याच्या खोलीलाच त्याने नृत्यगृहाचे रूप दिले होते! परंतु वेडाने पोट भरत नाही. मोठेपणी लंडन येथील फ्रेंच दूतावासात पाहुण्यांची सरबराई करणारा सेवक म्हणून त्याने नोकरी धरली.

तेथून तो मँचेस्टरला गेला. अमेरिकेतील शिकागो व डेट्रॉइट या शहरांतील कृष्णवर्णीय तरुणांनी विद्युत्-यंत्रांच्या साहाय्याने एक नवे संगीत निर्माण केले होते. त्या संगीताने मँचेस्टरच्या तरुणांना वेड लावले होते. तेथील ‘हॅसिएंडा’ या नृत्यगृहात १९८७ साली लोराँ ‘डीजे पेद्रो’ या नावाने तबकड्या वाजवू लागला.

“दुसऱ्यांच्या तबकड्या वाजविण्यात कसली आली कला?” असे कोणी विचारील. ती कला अशी : डीजेपुढे दोन तबकडीयंत्रे असतात. एकीवरील गीत साऱ्यांना ऐकू येत असते; दुसरीवरील गीत तो एकटाच कानाला श्रवणयंत्र लावून ऐकतो. या संगीतात मिनिटाला सुमारे १२० ते १३० ठोके पडतात. दुसऱ्या तबकडीची गती किंचित कमीअधिक करून तो दोहोंचे ठोके जुळवितो. भजनात टाळ आणि पखवाज यांची लय जुळावी, तशी ती जुळली पाहिजे. मग एक आवाज हळूहळू उतरतो, दुसरा चढतो आणि पहिले गीत कोठे संपले हे कोणाला कळतही नाही. पुढे कोणती तबकडी लावावी, हे तो समोरच्या मंडळींकडे पाहून ठरवितो. अशा रीतीने गार्निए रात्र रात्र उभे राहून तबकड्या वाजवीत.

लष्करी सेवेसाठी त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढे पॅरिसमधील ‘रेक्स क्लब’मध्ये त्यांचा जम बसला. १९९४ साली त्यांनी एरिक मोराँ या मित्रासमवेत ‘एफ कम्युनिकेशन्स’ ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था स्थापन केली. ते स्वतःही संगीतरचना करू लागले. त्यांच्या एका प्रसिद्ध रचनेचे नाव मोठे गमतीचे आहे : ‘लाल चेहऱ्याचा माणूस’. सॅक्सोफोन फुंकता फुंकता फिलिप नादो या वादकाचा चेहरा लालबुंद झाला, म्हणून हे नाव! यंत्रांच्या संगीतातही माणसाचा श्वास त्यांना हवा होता.

परंतु या संगीताकडे लोक संशयाने पाहत. त्याच्या मेळाव्यांत अमली पदार्थांचा शिरकाव झाला होता. ही काळजी खोटी नव्हती. १९९५ साली फ्रान्सच्या गृहखात्याने परिपत्रक काढून हे मेळावे अतिशय धोक्याचे ठरविले. तथापि, त्यामुळे संगीतच दोषी ठरत होते. गार्निए डगमगले नाहीत. काम करीत राहणे हेच त्यांचे उत्तर होते. १९९८ साली फ्रान्सच्या मानाच्या संगीत-पुरस्कारांत त्यांचा गौरव झाला. आणि २०१७ साली त्याच फ्रेंच शासनाने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. एके काळी दूतावासात पाहुण्यांपुढे ताटे ठेवणाऱ्या सेवकाच्या छातीवर राष्ट्राचे पदक झळकले!

मुलांनो, पुन्हा कधी रस्त्यावर ती कर्ण्यांची भिंत दिसली, तर या माणसाची आठवण करा. भिंत भाड्याने आणता येते. कान मात्र ज्याचे त्यालाच तयार करावे लागतात.

स्वाध्याय

१. डीजे दोन तबकड्यांचे ठोके कसे जुळवितो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘लाल चेहऱ्याचा माणूस’ हे नाव कसे पडले?
३. १९९५ आणि २०१७ या दोन वर्षी फ्रेंच शासनाच्या वागण्यात कोणता फरक दिसतो?
४. वाक्यात उपयोग करा : धडकी भरविणे, जम बसणे, डगमगणे.