सहा दिशांचे घर



घर सुधारले की समाज सुधारतो, असे आपण सभांतून पुष्कळदा ऐकतो. वाक्य ऐकायला गोड आहे, टाळ्याही पडतात. परंतु घर सुधारणे म्हणजे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुले शिकली, नोकरीला लागली, कौलांच्या जागी स्लॅब आला, एवढ्याने घर सुधारले असे धरले, तर त्या घराचा समाजाला काही उपयोग झालाच असे म्हणता येत नाही. घर माणसे जोडते, तसे ते माणसे तोडतेही. कोणते घर जोडते, हे समजून घेण्यासाठी या पाठात आपण दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त पाहू.

तथागत त्या वेळी राजगृह येथे वेळुवनात राहात होते. सकाळी भिक्षेसाठी निघाले असता त्यांना सिगाल नावाचा एक तरुण गृहस्थ दिसला. अंगावर ओली वस्त्रे, केस ओले, हात जोडलेले, आणि एकेका दिशेकडे वळून तो नमस्कार करीत होता. कारण विचारता तो म्हणाला की, वडिलांनी मरताना असे सांगून ठेवले आहे. आपल्यातील एखादा उत्साही कार्यकर्ता तेथे असता तर त्याने सिगालाला आधी चार शब्द सुनावले असते. तथागतांनी तसे केले नाही. दिशा सहाच ठेवल्या, पण त्यांचा अर्थ पार बदलून टाकला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे राबणारे नोकर-कामगार, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, म्हणजेच शीलवान सत्पुरुष.

आता वाचकहो, जरा मोजून पाहा. या सहांपैकी घराच्या चार भिंतींत किती दिशा आहेत? पूर्व आणि पश्चिम, दोनच. बाकीच्या चार उंबऱ्याबाहेर आहेत. आपण हे सुत्त बहुधा नवरा-बायको आणि मुलाबाळांच्या उपदेशापुरतेच सांगतो, आणि त्याचा अर्धा अर्थ गमावतो. ज्याला चार दिशांचा विसर पडला, तो घरात कितीही प्रेमळ असला तरी तथागतांच्या हिशेबी त्याचे गृहस्थपण अपुरे आहे.

दुसरी गोष्ट, ही कर्तव्ये एकतर्फी नाहीत. मुलांनी आईवडिलांसाठी काय करावे हे सांगितल्यावर आईवडिलांनी मुलांसाठी काय करावे हेही सांगितले आहे. पतीची पाच कर्तव्ये अशी : पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. पाचवे कर्तव्य सर्वांच्या चटकन लक्षात राहते. चौथे मात्र कितीजण पाळतात ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना हेच बजावले होते, की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये.

नोकरांविषयी तर हे सुत्त फारच बारकाईने बोलते. शक्ती पाहून काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्यातला वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. आज आपल्यातीलही अनेक घरांत धुण्याभांड्याला बाई येते. तिची कपबशी वेगळी ठेवलेली नाही ना, हे पाहावे. ज्यांच्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी घ्यावे लागले, त्यांच्या घरात तरी असे होता कामा नये.

मग घर तोडते ते कसे? मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. जातीचे खरे लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत विवाह. आणि ते टिकविण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी आल्या, असे त्यांनी दाखविले. या तिन्ही गोष्टी घरातच घडल्या, आणि बाईच्याच देहावर घडल्या. जात देवळात आणि पाणवठ्यावर दिसते, पण तिची पैदास घरात होते. म्हणूनच १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सहभोजन पुरेसे मानले नाही, मिश्रविवाहाचा उपाय पुढे ठेवला.

येथे आपल्यालाच एक कडू प्रश्न विचारला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. तरीही मुलीचे स्थळ पाहताना ‘बौद्ध ना? बरे, पण पूर्वीचे कोण?’ असे हळूच विचारणारी घरे अजून आहेत. वधू-वरांच्या माहितीपत्रकात पोटजातीचा रकाना आजही कोठे कोठे दिसतो. विहारात त्रिसरण आणि सोयरिकीला पोटजात! अशा घराने पूर्वेची सेवा केली, पश्चिमेची केली, आणि उत्तरेचे दार आतून लावून घेतले.

याउलट बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीराव फुल्यांचे घर पाहा. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले, तेच डॉक्टर यशवंत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंचे निधन झाले. या घरात रक्ताचे नाते कोठे होते? पण त्या घराने जोडलेली माणसे मोजता येत नाहीत.

सुत्ताच्या शेवटी तथागतांनी माणसे जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांना संगहवत्थु म्हणतात. दान, प्रिय वचन, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम, आणि समानत्तता म्हणजे समानतेची वागणूक. धावत्या रथाला चाकाची खीळ असते तशी ही चार जगाला आहेत. ही नसतील तर मुलाकडून आईबापालाही मान मिळायचा नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे जी खीळ समाजाला, तीच घराला.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपासकांच्या विनयामध्ये या उपदेशाला स्थान दिले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून तो भाग वाचावा. वाचन मुलांकडे द्यावे. मग प्रत्येकाने आपली पाच कर्तव्ये न सांगता समोरच्याने आपल्यासाठी करावयाची पाच सांगावीत. सुनेने सासूला, मुलाने बापाला. वडीलधाऱ्यांनी मध्ये बोलू नये. आणि शेजारचे एखादे घर, शक्यतो दुसऱ्या पोटजातीचे, त्या दिवशी जेवायला बोलवावे.