मुलाची पहिली शिकार आणि पहिले शील



पंचशील घेताना पहिल्या शीलावर आपली जीभ कधी अडखळत नाही. खोटे बोलणे, मद्यपान या शीलांपाशी मनाला कोठेतरी टोचणी लागते. पण ‘मी काही कोणाचा जीव घेत नाही’ असे बहुतेकांना वाटते आणि ते पुढे जातात. म्हणून या पाठात पहिले शील आपण एका दिवसाच्या अनुभवातून पाहणार आहोत. तो दिवस म्हणजे बाप आपल्या मुलाला पहिल्यांदा शिकारीला नेतो तो दिवस.

१. एक दिवस

माझे बालपण आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत गेले. गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे. भीमाशंकरचे रान तेव्हा अभयारण्य झालेले नव्हते. ते १९८५ साली झाले. वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली होती. घरात भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर होती आणि पौर्णिमेला वाडीतली माणसे जमून वंदना घेत असत.

मी दहा वर्षांचा होतो. शिमगा नुकताच झाला होता. पहाटे वडिलांनी मला उठवले आणि म्हणाले, “चल, आज तुला रान दाखवतो.”

त्या दिवशी गावची शिकार होती. ठासणीची बंदूक गावातल्या एका मोठ्या घरची. हाकारे आमच्या वाडीचे. वडिलांना भेकराची वाट बरोबर कळत असे. ते कोणत्या ओढ्याला पाणी पिते, हाका उठल्यावर कोणत्या खिंडीतून निसटते, हे गावात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. वर्षभर त्यांना ‘अरे’, ‘कारे’ करणारी माणसे त्या दिवशी त्यांना नावाने हाक मारीत होती, त्यांचा सल्ला विचारीत होती. मला बापाचा फार अभिमान वाटला. मीही डबा वाजवीत, ओरडत जाळीतून धावलो.

भेकर खिंडीतून निघाले आणि बार झाला. गोळी मागच्या मांडीत लागली होती. मी पोहोचलो तेव्हा ते पडलेले होते, पण जिवंत होते. भेकर घाबरले की कुत्र्यासारखे भुंकते, पण हे भुंकत नव्हते. नुसता श्वास घेत होते. वडील मला म्हणाले, “मान धर.” मी धरली. ती गरम होती. मग कोयता चालला. मी डोळे मिटले, तेव्हा सगळे हसले. म्हणून मीही हसलो.

दुपारी वाटे पडले. आमचा वाटा पळसाच्या पानावर वेगळा, थोडा लांब ठेवला गेला. ज्याने तो ठेवला, तोच माणूस सकाळपासून वडिलांना नावाने हाक मारीत होता. वाटा ठेवताना मात्र तो म्हणाला, “घे रे.”

रात्री मी वडिलांना विचारले, “आबा, ते आपलं काय वाकडं करत व्हतं?” वडिलांनी उत्तर दिले नाही.

२. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज

आता या दिवसाचा विचार करू. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेविषयी एक महत्त्वाचा भेद दाखवला आहे. मारण्याची इच्छा ही एक गोष्ट आणि मारण्याची गरज ही दुसरी. भगवंतांनी अहिंसा हा आंधळा नियम केला नाही. ते तत्त्व म्हणून सांगितले. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. कारण नसताना केवळ इच्छेपोटी जीव घेणे हे या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. गरज कोणती आणि इच्छा कोणती, हे मात्र प्रत्येकाने प्रामाणिकपणे ठरवायचे आहे.

म्हणून रानावर जगणाऱ्या, उपाशी माणसाने पोटासाठी केलेली शिकार आणि हौसेची शिकार एकाच मापाने मोजू नये. अशा माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या चुलीकडे पाहावे. पण आमच्या त्या दिवशी गरज कोणाला होती? बंदूकवाल्याच्या घरी धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या. आमच्या वाट्याला आलेले मटण एका वेळेपुरते होते. मग वडील का गेले? मांसासाठी नव्हे. वर्षातून एक दिवस माणूस म्हणून नावाने हाक मारली जाते, त्यासाठी ते गेले. आणि मला का नेले? आपल्याला मिळणारा मान मुलाने पाहावा म्हणून.

हे समजून घेतल्याशिवाय शिकारीवर टीका करणे व्यर्थ आहे. माणूस अनेकदा क्रूरपणामुळे हिंसेत सामील होत नाही, तर मान मिळवण्यासाठी होतो. पण तो मान संध्याकाळी पळसाच्या पानावर किती उरतो, हे आपण पाहिले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी केवळ खाण्याविषयी सांगितले नव्हते. दुसऱ्याने टाकलेला वाटा उचलणारा हात स्वाभिमानाने उभा राहू शकत नाही, असे त्यांचे सांगणे होते. शिकारीतला आमचा वाटा ताज्या मांसाचा होता, पण ठेवण्याची रीत तीच होती.

३. मूल काय शिकते?

बापाला वाटते, मूल धीट होईल. प्रत्यक्षात त्या दिवशी मी तीन गोष्टी शिकलो. पहिली, दुःख दिसले की डोळे मिटावेत. दुसरी, सगळे हसले की आपणही हसावे. तिसरी, ज्याच्या हातात बंदूक त्याच्यासाठी आपण धावावे. या तिन्ही गोष्टी धीटपणाच्या उलट आहेत. बाप मुलाला मर्द करायला निघतो आणि त्याला घाबरट करून घरी आणतो.

भगवंतांनी आपल्या मुलाला काय शिकवले? राहुल लहान असताना अंबलट्ठिका येथे त्यांनी त्याला आरशाचा दाखला दिला. आरसा कशासाठी असतो? स्वतःला पाहण्यासाठी. तसे कोणतेही कर्म करण्याआधी, करीत असताना आणि केल्यानंतर त्याकडे पाहावे. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय, होत आहे काय, झाले काय, असे तीन वेळा विचारावे. भगवंतांनी राहुलला ‘मी सांगतो म्हणून कर’ असे म्हटले नाही. त्यांनी त्याच्या हातात आरसा दिला.

दुसरा प्रसंग उदान ग्रंथात आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्यामधल्या वाटेवर काही मुले मासे पकडून त्यांना त्रास देत होती. भगवान त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांनी मुलांना विचारले, तुम्हाला स्वतःला दुःखाची भीती वाटते का, दुःख नकोसे वाटते का? मुले ‘होय’ म्हणाली. तेथूनच उपदेश सुरू झाला. दहा वर्षांच्या पोराने रात्री बापाला विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. मुलाच्या मनात करुणा बाहेरून आणावी लागत नाही. ती असते, आपण हसून ती दाबतो.

४. अशोकाने काय केले?

कोणी म्हणेल, शिकार ही राजेरजवाड्यांची रीत आहे. तर मग राजांच्या राजाकडे पाहू. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. तीत शिकार आणि तशीच इतर करमणूक असे. अभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. हे त्याच्या आठव्या शिलालेखात सांगितले आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो १८८२ साली शोधला. जुन्नरहून नाणेघाट उतरला की जुना व्यापारी मार्ग कल्याण-सोपाऱ्याकडे जात असे. म्हणजे शिकार सोडून धम्मयात्रा धरल्याची ही गोष्ट आपल्याच वाटेवर दगडात कोरलेली होती.

अशोक एका दिवसात बदलला नाही. पहिल्या शिलालेखात तो उघड सांगतो की, राजवाड्याच्या पाकशाळेत पूर्वी लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, तेही हरिण नेहमी नाही. आणि पुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत. शेवटचे हरिण उरले होते, हे कबूल करायला त्याला लाज वाटली नाही. शील पाळणे म्हणजे आपले शेवटचे हरिण कोणते ते ओळखणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अशोकाने यात्रा बंद केली नाही, यात्रेचा हेतू बदलला. धम्मयात्रेत तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे, वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करी, खेड्यातल्या लोकांना भेटे आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोले.

५. आजची परिस्थिती

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. अभयारण्यात शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा मुलाला शिकारीला नेणारा बाप आज त्याला गुन्ह्यात ओढतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

परंतु जुन्नर-आंबेगावच्या आईबापांपुढे आज वेगळाच प्रश्न आहे. उसात बिबट्या आहे. अंगणात खेळणाऱ्या लेकराची भीती ही खरी भीती आहे. तिला कोणी हसू नये. येथे बाबासाहेबांनी केलेला भेद उपयोगी पडतो. माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. आधी सर्व उपाय करायचे, ते संपले तरच शस्त्र उचलायचे. यालाच गरज म्हणतात. पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याला पोरांनी काठ्या खुपसायच्या आणि बापांनी हसत पाहायचे, ही इच्छा झाली. लेकराचे रक्षण करा, पण लेकराला ते हसू शिकवू नका.

६. मुलाला रानात न्या

मग मुलाला रानात नेऊच नये काय? अवश्य न्यावे. रानाची माहिती हा आपल्या वडिलांचा ठेवा आहे, तो बुडू देऊ नये. ओढ्याकाठच्या चिखलात भेकराचे खूर दाखवा. शेकरूचे घरटे दाखवा. पाठीवर हात ठेवून मुलाला गप्प बसवा आणि भेकराचा आवाज ऐकू द्या. निश्चल बसून पाहणे हे धावून मारण्यापेक्षा कठीण आहे. धीटपणा तेथे शिकता येतो. मग त्याला लेण्याद्रीला, मानमोडीला, तुळजा लेण्यातल्या बारा खांबांच्या गोल चैत्यगृहाला न्या. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसांचे नाव दगडावर राहिले, हे मुलाने बोटाने दाखवत पाहावे. परतताना वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे थांबा. ही झाली आपली धम्मयात्रा.

शेवटी वडिलांविषयी. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी त्या रात्री दिले नाही, नंतरही कधी शब्दांत दिले नाही. पुढच्या शिमग्याला हाकाऱ्यांना बोलावणे आले. माणूस दारात उभा होता आणि वडिलांना नावाने हाक मारीत होता. वडील म्हणाले, “मागच्या वर्षी पोरानं मान धरली व्हती. मला आता जमायचं न्हाय.” ते परत कधी गेले नाहीत. त्यामुळे गावात त्यांचा तो एका दिवसाचा मान गेला. पण त्या दिवसापासून पौर्णिमेला पहिले शील म्हणताना वडील क्षणभर थांबत असत, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांतील भेद आपल्या रोजच्या जीवनातील एक उदाहरण देऊन सांगा.

२. इतरांमध्ये मान मिळावा म्हणून आपण कोणत्या अकुशल कर्मात सामील होतो?

३. राहुलाला दिलेला आरसा आपण आपल्या मुलांच्या हाती कसा देऊ शकतो?

४. आपले ‘शेवटचे हरिण’ कोणते?