आयसीयूतला रुग्ण आणि आपली जबाबदारी



वस्तीतले माणूस आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात गेले की घर हादरते. काचेच्या दाराबाहेर बसून आपण फक्त वाट पाहतो. विचारावेसे पुष्कळ वाटते; पण मोठ्या डॉक्टरांना काय विचारणार, आपल्याला काय कळते, या संकोचाने गप्प राहतो. हा संकोच का सोडावा आणि नेमके काय विचारावे, ते या वेळच्या आरोग्य पानावर पाहू.

आयसीयूत रुग्णाला दोन बाजूंनी धोका असतो. एक मूळ आजाराचा. दुसरा उपचारासाठी घातलेल्या नळ्यांचा. मानेतून, छातीतून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाईन म्हणतात. जोरदार औषधे देण्यासाठी ती लागतेच. पण तिच्या वाटेने जंतू थेट रक्तात शिरले, तर मूळ आजारातून सावरणारा माणूसही दगावू शकतो. लघवीच्या नळीने आणि व्हेंटिलेटरनेही असाच संसर्ग होतो.

हा संसर्ग पूर्वी अटळ मानला जाई. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी ते मानले नाही. त्यांनी पाच साध्या गोष्टी ठरवल्या : नळी घालण्यापूर्वी हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालून रुग्णावर निर्जंतुक चादर पसरणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे, आणि गरज संपताच नळी काढणे. यातले काहीच नवे नव्हते. डॉक्टरांना सगळे ठाऊक होते, पण घाईगर्दीत एखादी पायरी राहून जाई.

२००३ साली मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत ही पद्धत सुरू झाली. एका रुग्णाला एक दिवस नळी असली की तो एक नळी-दिवस, असा हिशेब ठेवला. सुरुवातीला दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, दीड वर्षात ते १.४ वर आले. तीन महिन्यांतच निम्म्या किंवा त्याहून जास्त आयसीयूंत असा एकही संसर्ग उरला नव्हता. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यासाठी नवे औषध किंवा महागडे यंत्र लागले नाही. लागणारे सगळे सामान एका गाडीवर एकत्र ठेवले, दर महिन्याला संसर्ग मोजले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिस्टरला अधिकार दिला. डॉक्टरांची एखादी पायरी चुकली, तर सिस्टरने त्यांना तिथेच थांबवायचे. पदाने लहान माणसाने मोठ्याला थांबवले आणि त्यातून जीव वाचले. समतेचे मोल आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको. जिथे खालच्या माणसाचे तोंड बंद असते, तिथे चूक झाकली जाते आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

आता आपण काय करावे?

१. भेटीआधी आणि नंतर साबणाने हात धुवा किंवा दारातले औषध हाताला चोळा. एका वेळी एकानेच जावे. सर्दी-खोकला असलेल्याने जाऊ नये.

२. घरातला एकच माणूस बोलण्यासाठी नेमा. त्याने वहीत तारीख, डॉक्टरांचे सांगणे, तपासण्या लिहून ठेवाव्यात.

३. रोज विचारा : "डॉक्टर, आज कोणकोणत्या नळ्या आहेत? त्यांची अजून गरज आहे का?" नळीला स्वतः हात लावू नका.

४. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवायची का, हे सिस्टरना विचारा. सहसा ती ३० ते ४५ अंश ठेवतात.

५. घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद दाखवा. कोणते औषध सोसत नाही, ते आधीच सांगा.

६. चोरून पाणी पाजू नका. अंगारा लावू नका, दोरे बांधू नका. परित्राण पाठाचा धागाही घरीच ठेवा.

विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. आवाज न चढवता विचारा. उत्तर मिळाले नाही, तर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. उपचारांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. खाजगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद कुठे लावली आहे, ते पाहा आणि वाचा.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडला होता, कुणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि रुग्णाची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला सांगितले. चांगल्या शुश्रूषकाला रुग्णाच्या हिताचे काय आणि अहिताचे काय हे कळले पाहिजे, असेही तिथे म्हटले आहे. करुणेबरोबर ही समजही हवी. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर वरचे सहा मुद्दे मोठ्याने वाचून दाखवा. वेळ कुणाच्या घरावर येईल, सांगता येत नाही.

नमो बुद्धाय, जयभीम!