अमेरिकेचा प्रारंभीचा इतिहास : सनावळ्यांची भीती

प्रश्न : एम. ए.ला अमेरिकेचा प्रारंभीचा इतिहास आहे. सनावळ्या पाठ होत नाहीत. अभ्यास कसा करावा? – एक विद्यार्थिनी, राणीसावरगाव (जि. परभणी)

उत्तर : १६०७ची जेम्सटाउन वसाहत ते १७८९मध्ये अमलात आलेली राज्यघटना, हा काळ पाठांतरापेक्षा कारणपरंपरेने नीट लक्षात राहतो. सप्तवार्षिक युद्ध १७६३मध्ये संपले. त्याचे कर्ज फेडण्यासाठी ब्रिटनने वसाहतींवर कर लादले. १७६५चा मुद्रांक कायदा त्यांपैकीच. प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही, हा आग्रह तिथून बळावला. पुस्तक मिटून ही साखळी स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे, ही तयारीची खरी कसोटी.

मराठी विद्यार्थ्याला ओळखीच्या खुणा इथे भरपूर सापडतात. १७७३मध्ये बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. १७८१मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६मध्ये बंगालचा गव्हर्नर जनरल झाला. मराठ्यांचा इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह १७८२चा. अशा जोड्यांनी सन मनात रुजतात.

गुलामगिरीचा भाग मात्र घाईत उरकला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १७८७च्या घटनेच्या मसुद्यात प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली गेली. ‘गुलाम’ हा शब्द मात्र टाळला गेला. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाशेजारी ही तडजोड ठेवली, की दीर्घोत्तरी प्रश्नाला गाभा मिळतो. हा धागा महाराष्ट्रापर्यंतही पोहोचतो : जोतीराव फुले यांनी अमेरिकी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता लेखक थॉमस पेन वाचला होता. १८७३चे ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केले.